मुद्दा क्रमांक सात

पुरुषाने साडी नेसून रंगमंचावर येऊ नये, असं सांगणारं कलम कायद्यात नाही. मी शोधलं होतं. जुनी संहिता चाळली, नवी चाळली. अश्लील हावभावांचं कलम सापडलं, लाउडस्पीकरचे नियम सापडले, नाटकाच्या वहीला सरकारी प्रमाणपत्र लागतं तेही सापडलं. साडीबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. म्हणून मग ते मी स्वतः लिहिलं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीपलीकडच्या एका गावात जत्रेच्या ऑर्केस्ट्रात लुगडं नेसून नाचणाऱ्या कलाकाराचा कोणीतरी हात धरला, खुर्च्या उडाल्या, दोघांची डोकी फुटली. पोलीस ठाण्यातले साहेब मला म्हणाले, "वकीलसाहेब, यापुढे मंडळांकडून काहीतरी लिहून घेतलेलं बरं. तुम्ही एक मसुदा करून द्या ना." पनवेलमध्ये मला 'वकीलसाहेब' म्हणणारी तीनच माणसं आहेत, त्यातला एक झेरॉक्सवाला आहे. मी विरघळलो. तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टेबलावर बसून दोन पानी हमीपत्र लिहिलं. सातवा मुद्दा असा: "सदर कार्यक्रमात कोणताही पुरुष कलाकार स्त्रीवेश परिधान करून रंगमंचावर येणार नाही." 'सदर' आणि 'परिधान' हे दोन शब्द असले की आमच्याकडे कुठल्याही कागदाला कायद्याचं वजन येतं. हात धरणाऱ्यांबद्दल आणि खुर्च्या उडवणाऱ्यांबद्दल त्यात एकही मुद्दा नव्हता. ही गोष्ट मला आत्ता, हे लिहिताना सुचते आहे.

हमीपत्र चाललं. एका मंडळाने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि वर्षभरात झेरॉक्सच्या दुकानात त्याचा गठ्ठा तयार मिळू लागला. आम्ही तांडेल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर नाव काढायच्या गोष्टी करत आलो. माझं नाव निघालं ते झेरॉक्सवर. तीस वर्षांच्या वकिलीत माझं तेवढं एकच लेखन लोकप्रिय झालं. आणि या मार्चमध्ये ते आमच्याच दारात येऊन उभं राहिलं.

रविवार होता. रविवारी तिन्ही मजले खाली जेवतात, हा आईचा नियम. तळमजल्यावर आई आणि बा, पहिल्यावर मी आणि माझी बायको कोमल, दुसऱ्यावर धाकटा भाऊ कुंदन आणि त्याचा मुलगा भावेश. कुंदनची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ती असती तर या प्रकरणातली निम्मी वाक्यं कोणी बोललंच नसतं, पण ती नाही.

पानं वाढून झाली होती. कुंदन सगळ्यात शेवटी आला, फोन हातात धरूनच.

"पोलीस ठाण्यातून फोन व्हता," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "बाला लुगरा नेसता येनार नाय."

आईच्या हातातली पळी पातेल्यातच थांबली. "कोन बोलला?"

"कायदा बोलला."

कायदा त्या वेळी ताटात मान घालून कोलंबी सोलत होता.

आता बांबद्दल. आमचे बा, दादू तांडेल, वय एक्याऐंशी. चौदाव्या वर्षापासून पुढे चाळीस वर्षं ते आमच्या कोळीवाड्याच्या नाट्यमंडळात स्त्रीपार्टी होते. सासुरवाशिणी, राण्या, एकदा तर चक्क इंग्रज गव्हर्नरची मड्डम. नाटक सुरू होण्याआधी गावदेवीची ओटी रंगमंचावर भरायची आणि ती लुगडं नेसलेल्या पुरुषानेच भरायची, ही मंडळाची रीत. असं का, ते कोणालाच ठाऊक नाही. विचारलं तर 'पयल्यापासून हाय' एवढंच उत्तर मिळतं. बांचे गुडघे गेले, तेव्हापासून ओटी भरायला बाहेरून नटी आणतात आणि म्हातारी माणसं पुढच्या रांगेत बसून कुरकुरतात. यंदा मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष. बांनी एकदा, शेवटची ओटी भरावी असं ठरलं. मंडळाचा अध्यक्ष कुंदन. त्याने एसटी स्टँडजवळ बॅनर लावला. एका कोपऱ्यात नऊवारीतले तरुण बा, बोटाएवढे. आणि उरलेल्या बॅनरभर काळा चष्मा लावून हात जोडलेला कुंदन.

"तुमच्याच मंडळाच्या हमीपत्रात मुद्दा सात हाय म्हने," कुंदन सांगत होता. "त्याच्यावर माझी सही हाय म्हने. न बॅनरवर म्हातारा लुगऱ्यात हाय. दोन्हीतला एक काढा बोलतो साहेब."

"सही करताना वाचलं नव्हतं का, भाऊजी?" कोमलने विचारलं. कोमल शाळेत शिकवते. तिचा प्रत्येक प्रश्न उत्तर चुकलं आहे हे धरूनच येतो.

"वयनी, घरचा वकील हाय. घरच्या वकिलाचा कागद कोन वाचतो?"

म्हणजे माझ्या भावाने माझ्या कागदावर न वाचता सही करून आमच्या बापावर बंदी घातली होती. ज्यांना वाटतं की घराणी भांडणांनी बुडतात, त्यांनी आमच्याकडे यावं. आम्ही एकमेकांवर विश्वास ठेवून बुडतो.

"भाऊ, तू जेव न अर्ज लिव," कुंदन माझ्यासमोर बसत म्हणाला. "जोरदार लिव. ही आमची परंपरा हाय. माझ्या बापाने लुगरा नेसला तवा अख्खा गाव रडलाय. ज्या मानसाला सरकारने कलावंत म्हनून सर्टिफिकेट दिला, त्याला तुमी सांगता लुगरा नेसू नको? लाज नाय वाटत? असा लिव."

"आणि मी नेसली की, पप्पा?"

भावेश बोलला होता. जेवताना तो फारसा बोलत नाही. पप्पा आणि तो दोन वर्षं एकमेकांशी थेट बोललेले नव्हते. 'आये, त्याला सांग गॅस बंद कर', 'आजी, पप्पांना सांग केला' असा कारभार आईमार्फत चालायचा. भावेश सव्वीस वर्षांचा. सोमवार ते शुक्रवार खारघरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. शनिवारी मुंबईतल्या क्लबांमध्ये नऊवारी नेसून, कानात पापलेटाच्या आकाराची कर्णफुलं घालून 'मिस म्हावरा' होतो. गातो, नाचतो आणि मध्येमध्ये मासळीबाजारातल्या भाषेत लोकांची खेचतो. ती भाषा त्याने आजीकडून उचलली आहे, शब्दाला शब्द. लोक तिकीट काढून शिव्या खायला येतात. फोनवर त्याला बघणारे इतके आहेत की कुंदनच्या मंडळातली अर्धी पोरंही चोरून बघतात, आणि कुंदनला ते माहीत आहे.

कुंदनने भावेशकडे बघितलं नाही. आईकडे बघून म्हणाला, "आये, त्याला सांग. ता येगला न ह्या येगला."

आता कुंदनची बाजू. ती मी सांगतोय, कारण तो स्वतः कधीच सांगणार नाही.

तो चौथीत होता तेव्हा शाळेत त्याला पोरं म्हणायची, 'कुंदनला दोन आया, एक बाजारात, एक नाटकात.' मला कोणी तसं म्हणत नसे. मी जाड चष्म्याचा होतो, माझी थट्टा करायला पोरांकडे दुसरी कारणं भरपूर होती. कुंदनने एकाचा दात पाडला. घरी येऊन त्याने कारण सांगितलं नाही, बांनी विचारलं नाही आणि मार मात्र बांनीच दिला. पुढे काळ बदलला. बांचे सत्कार होऊ लागले, शाली आल्या, पेपरात फोटो आला. बाप 'कलावंत' झाला आणि कुंदनच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता जासईच्या कंटेनर यार्डात तो सुपरवायझर आहे, दोनशे माणसं त्याच्या शिट्टीवर हलतात, आणि एक दिवस त्यातल्याच एका ड्रायव्हरने त्याच्यासमोर फोन धरला: "साहेब, हा तुमचाच मुलगा ना?" कुंदन पुन्हा चौथीत जाऊन बसला. फरक एवढाच की या वेळी दात पाडता आला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या रविवारी मी त्याला ते कळत असल्याचं दाखवलं नाही. मी वकिलासारखं खाकरलो आणि मध्यममार्ग काढला. मध्यममार्ग काढणं हा माझा आजार आहे.

"असं करू," मी म्हणालो. "सूट मागू. धार्मिक कारणास्तव, तसंच साठ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक कलाकारांना सदर अटीतून वगळण्यात यावं."

कोमलने ताटातला हात काढला. "एसटीच्या अर्ध्या तिकिटासारखं? साठीनंतर पुरुषाने साडी नेसली तर चालेल, त्याआधी नाही?"

"धार्मिक पण म्हटलंय मी."

"म्हणजे भावेशने साठीपर्यंत थांबायचं आणि मग देवीला विचारायचं."

"वयनी, तुमी मधे नका पडू," कुंदन म्हणाला.

"मध्ये मी बसलेच आहे, भाऊजी. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला हे."

इतका वेळ कोमल तटस्थ होती. भावेशचं ते 'काम' तिला फारसं पसंत नव्हतं. 'नोकरी चांगली आहे, हे कशाला हवं?' असं ती माझ्यापाशी शंभरदा म्हणाली होती. पण माझं बोलणं मूर्खपणाचं आहे हे दिसलं की ती लगेच विरुद्ध पक्षात जाते. आमच्या संसारात असे कितीतरी लोक केवळ माझ्या मूर्खपणामुळे तिला मित्र म्हणून मिळाले आहेत.

आईने मात्र कुंदनची कड घेतली. "भांडू नका. दोन वर्सांनी पोरगा बापाशी बोलला, त्यातच जेवन गोड माना. शैलेश, लिव तू तुझा ता. म्हाताऱ्याला नेसू दे. मंग पोराचा बघू."

"बघू म्हणजे कधी, आजी?" भावेशने विचारलं.

आईने त्याच्या पानात भात वाढला. तो नको म्हणत होता, तरी वाढला.

कृष्णाबाई, माझी आई, वय शहात्तर. तिने पंचेचाळीस वर्षं पनवेलच्या मच्छीबाजारात पाट मांडला. आता सांगतो ते तिच्या मनातलं मला कसं कळलं, असं कोणी विचारेल. आमच्या आईच्या मनातलं साधारण तीन इमारतींना ऐकू येतं. फक्त एक गोष्ट तिने इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती आणि ती तिने त्याच संध्याकाळी मला भाजी निवडताना सांगितली.

लग्नानंतर पहिल्या वर्षी बांना लुगडं तिने नेसवलं. बांची कंबर तिच्यापेक्षा बारीक होती, याचा तिला राग आला. खेळात बा रंगमंचावर आले तेव्हा शिट्ट्या पडल्या. "मना जन्मात कोनी शिटी मारली नाय, न माझ्या नवऱ्याला शंभर," हे ती हसून सांगते, आम्ही शंभर वेळा ऐकलेलं आहे. न सांगितलेली गोष्ट वेगळी होती. खेळ संपला की बाकीची माणसं पहिल्यांदा विग फेकायची, दाढी खाजवायची, बिडी पेटवायची. बा तसेच बसून राहायचे. लुगडं नेसलेले, कुंकू लावलेले, हात मांडीवर. आई गरम पाण्याचा तांब्या घेऊन पडद्यामागे उभी असायची. ती हाक मारायची नाही. पाणी गार व्हायचं, मग ती ते पुन्हा तापवायला न्यायची. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नाही, कारण उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते ऐकायची तिला गरज नव्हती.

त्या दुपारी बा इतका वेळ गप्प जेवत होते. त्यांना कमी ऐकू येतं, असं आम्ही धरून चालतो. हे आमच्या सोयीचं आहे. मी खिशातला कागद काढून मसुदा खरडायला लागलो, तेव्हा त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "काय लिवलास ता वाच."

मी वाचलं. सदर, परंपरा, धार्मिक, ज्येष्ठ नागरिक.

"धार्मिक काढ," बा म्हणाले.

"बा, त्यानेच तर परवानगी मिळेल."

"मना परवानगी नको. मी देवीसाठी नेसत नव्हतू. देवीची वटी कवन पन भरेल. मना लुगरा नेसाला आवडायचा."



"नाटक बरा वाटायचा न?" कुंदनने घाईने विचारलं. तो बांना हात देऊन वर ओढू बघत होता. "अभिनय. कला."

"अभिनय मड्डमचा केला. बाकी नाय." बा सावकाश बोलत होते, पण अडखळत नव्हते. "दिसभर मी जाल्यात, चिखलात, शिव्यांत. वर्सातून चार दिस मी माझा असायचू. गुडघं गेलं तवा गावाला वाटला नाटक गेला. नाटक नाय गेला. मी गेलू." मग त्यांनी भावेशकडे हात केला. "न ह्याला इचारा. ह्याला ठाऊक हाय."

भावेशने मान खाली घातली. तो रडत होता, आणि कोलंबीच्या हाताने डोळे पुसल्यामुळे आणखी रडत होता. आमच्या घरात दुःखसुद्धा धड होत नाही.

"लिवायचा तर दोघांचा लिव," बा म्हणाले. "मी वटी भरीन, मंग पोरगा नाचंल. नायतर बॅनर उतरवा."

"उतरवतो," कुंदन उठला. त्याचा आवाज चिरकला. "तुमी लुगऱ्यात बसून र्‍हायचात, न शाळेत मार मी खायचू. कवा इचारलात?"

बांनी मान त्याच्याकडे वळवली. "नाय इचारला," ते म्हणाले. "चुकला माझा."

एक्याऐंशी वर्षांत त्यांनी हे शब्द उच्चारलेले मी ऐकले नव्हते. कुंदन उभा होता तसाच खाली बसला. त्याला भांडायची तयारी होती, याची नव्हती.

आणि या सगळ्यात कोमलला शाळामास्तरीण असल्याची आठवण झाली. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "पण हा मुद्दा सात आहे कुठल्या कायद्यात? ते तरी सांगा. तिथून सुरुवात करू."

मी पाणी प्यायलो. ग्लास मोठा नव्हता.

"कायद्यात नाही," मी म्हणालो. "मी लिहिलाय."

"म्हंजे बाच्यावर बंदी तू घातलीस?" कुंदन.

"मी लिहिली. सही तू केलीस."

"आयेला!" आईने दोघांनाही उद्देशून कपाळावर हात मारला.

"पण का लिहिलात?" कोमलने विचारलं.

"साहेबांनी सांगितलं होतं," मी म्हणालो. आणि ते खोटं होतं.

साहेबांनी 'काहीतरी लिहा' म्हटलं होतं. साडी त्यात मी घातली. त्या आठवड्यातल्या मंगळवारी भावेश माझ्या टेबलाशी आला होता. गर्दी ओसरेपर्यंत थांबला आणि मग त्याने मला फोनवर त्याचा पहिला कार्यक्रम दाखवला. घरातल्या कोणालाही तेव्हा काही माहीत नव्हतं. "तुम्हाला पहिलं दाखवतोय, काका," तो म्हणाला. मी सगळा बघितला. "छान आहे रे," म्हणालो, आणि छान होताच. जाताना तो म्हणाला, "एकदा आपल्या मंडळाच्या स्टेजवर करायचंय. आजासमोर." त्याचा चेहरा इतका उजळला होता. तो गेला. तहसीलच्या पायऱ्यांवर बसणारी माणसं डोळ्यांसमोर आली, बाररूममधले वकील आले, माझं नाव घेऊन हसणारे झेरॉक्सवाले आले. त्याला तोंडावर 'नको' म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. त्याच शुक्रवारी मी मुद्दा सात लिहिला, म्हणजे 'नको' कायद्याने म्हणावं.

शेवटी बॅनर उतरला नाही; शनिवारी आम्ही तिघे बांनी सांगितलेला दोघांचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अध्यक्ष म्हणून कुंदन, वकील म्हणून मी, आणि गाडी चालवायला भावेश. कुंदन रागात असला की गाडी कंटेनरसारखी चालवतो, म्हणून किल्ली आईने काढून घेऊन भावेशला दिली होती. साडेतीनचं ऊन होतं. एसटी स्टँडजवळून जाताना कुंदनने बॅनरवरच्या स्वतःकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

साहेब आता दुसरे होते, दीड वर्षापूर्वी बदलून आलेले, सभ्य. मी कागद पुढे केला. दोघांची नावं, ओटी, नाच, आणि मुद्दा सात रद्द करण्याची विनंती.

"मला काही अडचण नाही," साहेब म्हणाले. "साडीवर माझा आक्षेप कशाला असेल? गोंधळ झाला तर गोंधळ घालणाऱ्याला मी बघेन. पण हे हमीपत्र आता सगळीच मंडळं देतात. मागच्या वर्षी या मुद्द्यावर मी दोन कार्यक्रम थांबवले. एका कलाकाराला स्टेजवरून उतरवून आणला होता. त्या बाकावर बसला होता, विग मांडीवर घेऊन. घरी आई-बहीण त्याच्यावर अवलंबून. मला विचारत होता, साहेब, कुठल्या कायद्याने? मी त्याला हा कागद दाखवला." त्यांनी हमीपत्रावर बोट ठेवलं. "मुद्दा काढायचा तर का काढला, ते लिहून द्या. म्हणजे सगळ्यांचाच काढता येईल."

बाक रिकामा होता. मी तिकडे बघायचं टाळलं आणि पेन काढलं.

कारण म्हणून मला खूप काही लिहिता आलं असतं. राज्यघटना होती, अभिव्यक्तिस्वातंत्र्य होतं, लोककलेची परंपरा होती. यातलं काहीही मी झोपेत लिहू शकतो. मी लिहिलं: "सदर मुद्द्यास कायद्याचा कोणताही आधार नाही. तो मी माझ्या पुतण्याला गावाच्या रंगमंचावर येण्यापासून रोखण्यासाठी घातला होता. त्यास तसे तोंडावर सांगण्याचे धैर्य मला नव्हते." खाली सही केली, पूर्ण नाव, सनद क्रमांक. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद अध्यक्षांच्या सहीसाठी कुंदनकडे सरकवला. कुंदनने तो शेवटपर्यंत वाचला. त्याचे ओठ हलत होते.

"सही करतो," तो मला म्हणाला. "पन त्या दिवशी मी ड्युटीवर जानार. बगाला येनार नाय. सांग त्याला." भावेश त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. कुंदनने सही केली, आणि मग, आईमार्फत नाही, माझ्यामार्फतही नाही, थेट त्यालाच म्हणाला, "बाचा हात धरून स्टेजवर ने. पायरी उंच हाय." आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

हवालदार शिक्का मारायला कागद आत घेऊन गेला. व्हरांड्यात मी आणि भावेश राहिलो. कागद त्यानेही वाचला होता. माझ्या खांद्यावरून तो वाचत होता तेव्हा मला त्याचा श्वास लागत होता.

"भावेश," मी सुरुवात केली.

"मला माहीत होतं, काका."

"काय?"

"तुम्ही लिहिलंत ते. आणि का लिहिलंत ते. त्याच महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात बघितलं. खाली तुमचा शिक्का होता, तारीख होती. मंगळवारी मी तुम्हाला दाखवलं होतं, तारीख शुक्रवारची."

"तीन वर्षं?" "तीन वर्षं तुला माहीत आहे? आणि दर रविवारी तू माझ्या शेजारी बसून जेवतोस?"

"आई नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. तसा असता तर मला सोपं गेलं असतं. "पप्पा बोलत नाहीत. तुमच्याशीपण तोडलं असतं तर कोणाच्या शेजारी बसलो असतो?"

मी तीस वर्षं लोकांना माफीनामे लिहून देतोय. शेजाऱ्यांना, भावांना, बायकोला सोडून आलेल्या नवऱ्यांना. माझ्याकडे त्याचेही नमुने तयार आहेत. त्या व्हरांड्यात मला त्यातला एकही शब्द आठवेना.

"माफ कर," मी म्हणालो.

भावेशने थोडा विचार केला. खरंच विचार केला. मला ते दिसत होतं.

"अजून नाही, काका," तो म्हणाला. "चला. पप्पा उन्हात बसलेत."